रावेरच्या रस्त्यावर वाजलेला फोन

अहो, तुमच्या तेराव्याला मंडपात जो तो तुमचे गुणच गात होता. नाना किती शांत, नानांनी कधी कुणाला उलटून उत्तर दिलं नाही, नाना म्हणजे देवमाणूस. मी आत बायकांत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, या लोकांनी नानांना केळीच्या बागेत पाहिलंय, घरात पाहिलेलं नाही. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. पण माझं तुमच्याशी एक भांडण अर्धं राहिलंय आणि ते तसंच टाकून तुम्ही निघून गेलात. ही तुमची जुनी खोड. बोलणं अंगावर आलं की टोपी घालायची आणि मळ्याकडे चालू लागायचं.

भांडण कशाचं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा आजार आम्हाला कळायला हवा होता की नको? तुम्ही तो लपवला होता, गाडीने तो सांगितला. त्यानंतर तुम्ही जवळजवळ वर्षभर होता. त्या वर्षात आपण हा विषय कितीदा काढला आणि एकदाही शेवटाला नेला नाही. आता दोन्ही बाजूंनी मीच बोलते. तुमच्या बाजूने बोलताना मला जास्त राग येतो.

गाडीचं तुमच्याच डोक्यातून निघालं होतं. आपल्या पल्लवीचं बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातलं स्थळ ठरलं आणि तुम्हाला एकदम वाटायला लागलं की व्याह्यांच्या दारात रिक्षातून उतरणं बरं दिसत नाही. नवी गाडी नको, हेही तुम्हीच ठरवलंत. "नवी गाडी म्हंजे नवी नवरी. पहिला वरखडा पडेपर्यंत घरात कोणाले झोप नही," असं तुमचं म्हणणं. जुनी घ्यायची, पण घरात वापरलेली घ्यायची, भाड्याने पळवलेली नको. मग कुणीतरी सांगितलं की कागद मिलच्या कॉलनीतले एक साहेब निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला चाललेत आणि त्यांना गाडी काढायची आहे. आपण दोघं बसने बघायला गेलो.

तुम्ही ती गाडी केळीचा घड पाहावा तशी पाहिलीत. आधी लांबून, मग जवळून, मग खाली वाकून. चाकांवर थापा मारल्या, दार लावून त्याचा आवाज ऐकला, ऑइलचा वास घेतला. साहेबांना मात्र मधल्या पडद्याचं भारी कौतुक. गाणी, नकाशा, मागचा कॅमेरा, फोन, सगळं यातच, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. तुम्ही विचारलंत, "गाडी बोलते का?" ते हौसेने म्हणाले, "बोलते की. हिंदीत रस्ता सांगते." "मंग कठीण हाये," तुम्ही म्हणालात, "बोलनारी एक घरी हाये." साहेबांची बायको पदर तोंडाला लावून हसली. घरी येताना रस्ताभर मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, बोलू दे आता गाडीलाच.

पण निघण्याआधी तुम्ही जे केलंत ते साहेब जन्मात विसरणार नाहीत. आपल्याकडे बैल विकणारा दावं देत नाही. बैल जातो, दावं त्याच्या गोठ्यात राहतं, म्हणजे गोठ्याची बरकत जात नाही. घेणाऱ्याने आपलं दावं घरून न्यायचं. तुम्ही खिशातून केळीच्या सोपटाचा, खोडाच्या वाळल्या सालीचा, वळलेला बोटभर दोर काढलात, किल्लीची साखळी सोडवून साहेबांच्या हातात दिलीत आणि आपला दोर ओवलात. साहेब चकित झाले, पण त्यांना ते आवडलं. तिथे थांबायचं की नाही? तुम्ही पडद्याकडे बोट केलंत आणि विचारलंत, "आन् याच्यातलं तुमचं दावं?"

पडद्यात साहेबांचा फोन होता, बाईंचा होता, मुलाचा होता, त्यांच्या घराचा पत्ता होता. साहेब म्हणाले, राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. तुम्ही किल्ली फिरवायला तयार नाही. पुसायचं कसं ते साहेबांना येत नव्हतं, सगळं मुलाने करून दिलेलं. शेवटी मी गाडीबरोबरचं जाड पुस्तक मांडीवर घेऊन बसले आणि पान शोधून काढलं. एकेक नाव बाईंनीच पुसलं. मुलाच्या नावाशी त्यांचं बोट जरा थांबलं होतं.

मग पडदा रिकामा झाला आणि नवा फोन मागू लागला. तुम्ही म्हणालात, "आता आपलं बांध." मी पहिला तुमचाच फोन जोडला. त्यात पल्लवीने गावासकट नाव घातलेलं होतं, नाना बहादरपुर, ते पडद्यावर आलं तेव्हा तुम्ही मान वाकडी करून दोनदा वाचलंत. गाडीने विचारलं, चालू केल्यावर हा फोन दर वेळी आपोआप जोडू का? मी ते तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. "जोड म्हना. रोज रोज कसाले विचारते?" तुम्ही म्हणालात. मी हो दाबलं. हे मुद्दाम सांगतेय. पुढे तुम्ही माझ्यावर आळ घेतलात की हे सगळं मी तुमच्यामागे करून ठेवलं होतं.

त्यानंतर आपली वाटणी ठरली. गाडी तुमची, पडदा माझा. मी दुपारी शिवणाचं काम बाजूला ठेवून ते पुस्तक वाचायची. तुम्ही चिडवायचात की एवढा अभ्यास बी.ए.ला केला असता तर मॅडम झाली असती. नकाशातली बाई तुम्हाला आवडायची. ती म्हणायची, आगे से दाएँ मुड़िए, तुम्ही म्हणायचात, हो बाई, आणि डावीकडे आपल्या मळ्याच्या वाटेला लागायचात. ती बिचारी रस्ता बदलून बदलून दमायची. मागच्या कॅमेऱ्यावर तर तुमचा काडीचा विश्वास नव्हता. पडद्यावर लाल-हिरव्या रेघा काढून गाडी सांगतेय की मागे मोकळं आहे, आणि तुम्ही खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळून मागे बघताय.

आवाजाचं मात्र मी तुम्हाला नीट सांगितलं होतं. तुम्हाला वाटायचं, ते गोल बटण शून्यावर आणलं की गाडी मुकी झाली. मी म्हटलं होतं, गाण्याचा आवाज वेगळा आणि फोनचा वेगळा. गाणं शून्यावर असलं तरी फोन आला की तो त्याच्या आवाजाने बोलणार. तुम्ही सुपारी कातरत हो हो म्हणालात. तुमचं हो हो म्हणजे काय ते मला लग्नापासून माहीत आहे.

पौष संपता संपता आपण माझ्या माहेरी निघालो, रावेरला, माझ्या भावाला लग्नाचं आमंत्रण द्यायला. तुम्ही गाडी चालवत होता, मी शेजारी, मागे पल्लवी मांडीवर दराब्याच्या मिठाईचा डबा घेऊन. पेन ड्राइव्हवरची भजनं चालली होती. तिला डुलकी लागली म्हणून तुम्ही बटण शून्यावर आणलंत. दोन्ही बाजूंना केळी होती, ऊन कोवळं होतं, आणि मला खरंच बरं वाटत होतं. मग रिंग वाजली. चारी दरवाज्यांतून वाजली. तुम्ही बटण आणखी मागे फिरवायला लागलात, ते शून्यावरच होतं. तुमच्या अंगठ्याचा धक्का स्टिअरिंगवरच्या हिरव्या खुणेला लागला आणि फोन उचलला गेला.

"काका, जळगावहून बोलतेय, दवाखान्यातून," एका मुलीचा आवाज आला. तुम्ही म्हणालात, "नंतर बोला." तिला रस्त्याच्या आवाजात ते ऐकू गेलं नसावं. "तुमच्या गाठीचा रिपोर्ट आलाय काका. सर म्हणाले, या वेळी एकटे येऊ नका. घरचं कुणीतरी सोबत आणा." किती मऊ बोलत होती ती. अजून मला तिचा राग येत नाही. तुम्ही पुढे बघत होता आणि गाडीचा वेग जराही कमी झाला नव्हता. मीच हात लांबवून लाल खूण दाबली. मागून पल्लवी म्हणाली, "बाबा, कसली गाठ?"

थोडं पुढे गेल्यावर एवढंच म्हणालात, "आधी मामाकडचं काम होऊ द्या." आणि आपण रावेरला गेलो, अहो. भावाच्या ओसरीवर बसलो, अक्षत दिली, चहा प्यालो. वहिनी म्हणाली, नाना वाळलेत, तर तुम्ही म्हणालात, लग्नाची दगदग. मी तुमच्याकडे बघत होते. जळगावला दोनदा गेला होतात तुम्ही, टिश्यू कल्चरची रोपं बघायला म्हणून. मी डब्यात कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या होत्या. रोपं का आली नाहीत म्हणून विचारलं, तर म्हणालात, बुकिंग फुल्ल हाये. किती सहज म्हणालात.

घरी आल्यावर तुम्ही सांगितलंत, पल्लवीची हळद फिटली की सांगणार होतो. लग्न वैशाखात. तोवर कुणाला काही कळू द्यायचं नाही, मांडवात सगळ्यांनी पोटभर हसायचं, मग काय ते बघू. पल्लवी रडली, भांडली, लग्न पुढे ढकला म्हणाली. मी तुमच्यावर ओरडले. पोटात गाठ घेऊन माणूस पत्रिकांचे रंग निवडत बसतो, याला काय म्हणायचं? दुसऱ्याच दिवशी आम्ही तुम्हाला जळगावला नेलं. ऑपरेशन झालं, मग ती औषधं सुरू झाली. लग्नाची तारीख तेवढी तुम्ही हलवू दिली नाहीत.

जळगावच्या त्या फेऱ्यांत गाडी पल्लवी चालवायची, मी मागे आणि तुम्ही पुढे सीट आडवी करून. तेव्हा तुम्ही पडदा शिकलात. माझ्या हातातलं पुस्तक घेऊन पानंच्या पानं वाचलीत. फोन आला की पडद्यावर नाव बघायचात आणि तब्येत विचारणारा असला तर कापायचात. गाडीत असताना फोन वाजूच नये, अशी सोय असते, ती मलाही सापडली नव्हती, तुम्हाला सापडली. परत येताना बुऱ्हाणपूरला गाडी थांबवून आमच्यासाठी मावा जलेबी घ्यायला लावायचात. तुम्हाला तिचा वासही सोसत नव्हता. काच खाली करून तोंड बाहेर काढून बसायचात आणि म्हणायचात, खा, गरम हाये तोवर खा. त्या दिवसांबद्दल मी तुमची ऋणी आहे. लग्नाआधीपासून मला असा माणूस हवा होता, जो शेजारी नुसता बसून राहील. तो मला तेव्हा मिळाला.

पण मांडवातलं मी विसरू शकत नाही. डोक्यावरचे केस गेलेले, त्यावर तो फेटा नीट बसेना. येणारा प्रत्येक जण आधी तुमच्याकडे यायचा, तुमचा हात दाबायचा, डोळे पुसायचा, आणि मग नवरीकडे जायचा. तुम्ही लाडवांच्या खोलीत आलात, दार लोटलंत आणि एका डब्यावर बसलात. म्हणालात, "पोरीले पाहाले आले लोक, आन् माह्याकडेच पाहू राह्यले." मी म्हटलं, "माया आहे लोकांची." तुम्ही म्हणालात, "मले माया नको होती. मले तिचा बाप म्हनून उभं राहायचं होतं. एकच दिवस." मग माझ्याकडे बघून म्हणालात, "त्या फोनानं माह्यं लगन घेतलं."

मलाही तेव्हा राहवलं नाही. मी म्हटलं, तो फोन आला नसता तर तुम्ही आज इथे नसतात. "मंग नसतो," तुम्ही म्हणालात. बाहेर वाजंत्री सुरू होती. मी लाडवाचं ताट उचललं आणि निघून आले. हेच ते भांडण. इथून पुढे ते कधी सरकलं नाही. श्रावणात मी विषय काढला, तुम्ही टोपी घातलीत. दिवाळीत तुम्ही काढलात, मी स्वयंपाकघरात गेले.

तुम्ही हिवाळा पाहिलात. पल्लवीला दिवस गेलेले तुम्हाला कळले, तिच्या डोहाळजेवणात तुम्ही खाटेवरून ओरडून गाणी म्हणायला लावलीत. हे सगळं त्या फोनामुळे मिळालं, की तो नसताही मिळालं असतं? डॉक्टरांना एकदा विचारायचं होतं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी ते माझ्यासमोर उभे होते. माझं धाडस झालं नाही. काहीही उत्तर आलं असतं तरी आपल्यापैकी एक जण खोटा पडला असता.

आता पुढचं ऐका. तुम्ही गेल्यावर मला जिना चढताना छातीत दाटून यायला लागलं. बायका म्हणाल्या, दुःखाने होतं. मीही तसंच धरून चालले. मग शनवाऱ्यात डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीला तारा लावून कागदाची ती लांब पट्टी काढली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "बहनजी, जळगाव जाइए या इंदौर, जहाँ ठीक लगे, पर देर मत कीजिए." मी मान हलवली. पल्लवी पहिल्या बाळंतपणाला आपल्याकडे आलेली, आठवा लागलेला. मी मनात ठरवून टाकलं की तिचं बाळंतपण होऊ दे, मग बघू. ठरवायला मला एक क्षणही लागला नाही. डॉक्टरांच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आले तेव्हा लक्षात आलं की मी काय केलं.

दोन दिवसांनी पल्लवीला तपासणीला न्यायचं होतं. जावईबापू गाडी काढायला आले. डॉक्टरांच्या माणसाने मला सांगितलं होतं, जळगावची वेळ मिळाली की फोन करतो. आता गाडी चालू झाली की माझाही फोन आपोआप जोडला जायचा. मी अंगणात उभी राहिले, फोन काढला आणि त्याचं ब्लूटूथ बंद केलं. पुस्तक वाचलेली बाई मी, मला माहीत होतं काय बंद करायचं. मग मागे जाऊन बसले.

गाडी गावाबाहेर आली तशी पल्लवी पडदा बघून म्हणाली, "आई, तुझा फोन कनेक्टच नाही होऊ राहिला. तूने कुछ किया क्या?" मी म्हटलं, "राहू दे गं, बिघडलं असेल काही." आरशात मला तिचे डोळे दिसत होते. ती त्याच गाडीत मागच्या सीटवर बसलेली मुलगी होती, अहो, तिला कोण फसवणार? तिने जावईबापूंना गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मग मागे वळली, पोट सांभाळत, आणि म्हणाली, "आई, मी काही काच नाहीये. बोल."

मी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, पट्टीचं, जिन्याचं, सगळं. तुमच्या बाजूने मी खूप बोलले होते मनात, पण तिचं तोंड समोर असताना मला ते जमलं नाही. ती रडली नाही. "परवा जाऊ," एवढंच म्हणाली. तारीख तिने घेतली, सोबत कोण ते तिने ठरवलं. मला वाटलं, चला, सुटले. तुमच्यापेक्षा मी शहाणी निघाले. आपलं भांडण मी जिंकले, असंसुद्धा मनात आलं, खोटं कशाला बोलू.

आज सकाळी मी अंगणातल्या नळावर कळशी भरली. उचलायला वाकले तर पल्लवी आतून आली, माझ्या हातातून कळशी काढून घेतली आणि कमरेवर ठेवली. भरल्या पोटाची पोरगी, आणि कळशी तिने उचलली. मी म्हटलं, "अगं ठेव, मी तुझी आई आहे." ती मागे न बघता म्हणाली, "तू बस." मी ओसरीवर बसले. ती एका हाताने चौकट धरून सावकाश आत जात होती, पाणी तिच्या साडीवर सांडत होतं, आणि अहो, लाडवांच्या खोलीतला तुमचा राग मला आज कळला.